माथेरानच्या शांततेचं बिल

नेरळहून निघालेली टॅक्सी घाटाची शेवटची वळणं कण्हत-कुंथत चढली आणि दस्तुरी नाक्यावर थांबली. सप्टेंबरातला मधलाच वार होता. पावसाने उघडीप दिली होती, तरी धुकं झाडांच्या कमरेपर्यंत उतरलेलं होतं. आत्याने काच खाली केली, खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "आलं बाई माथेरान!" खरं म्हणजे गाव अजून अडीच-तीन किलोमीटर पुढे होतं. दस्तुरी ही मोटारगाड्यांची शेवटची हद्द. इथून पुढे घोडा, माणूस, छोटी गाडी किंवा स्वतःचे पाय. अलीकडे त्यात ई-रिक्षाची भर पडली आहे.

टॅक्सीचं दार उघडायच्या आत पाच-सहा जणांनी गराडा घातला. "ताई, घोडा घ्या, पॉइंटसकट देतो." "आजींना रिक्षाच लागणार." "बॅगा किती?" "शटल बंद आहे आज, उगाच चालू नका." शटल बंद नव्हती. दस्तुरीपासून थोडं चालून गेलं की अमन लॉज स्टेशन लागतं आणि तिथून माथेरानपर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या पावसाळ्यातही चालतात. पावसाळ्यात बंद असतो तो नेरळ ते अमन लॉज हा घाटातला टप्पा. नव्या माणसाला हा फरक माहीत नसतो आणि त्या अज्ञानावर इथे काहींचा दिवस निघतो. याच प्रकाराला कंटाळून मार्च 2025 मध्ये माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला होता. नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल होते, जास्तीचे पैसे उकळले जातात आणि बदनामी मात्र सगळ्या गावाची होते, हे त्यांचं गाऱ्हाणं. आलेल्या पाहुण्याला लुटू नका, असं सांगायला एखाद्या पर्यटनगावाने स्वतःचीच दुकानं बंद ठेवावीत, हे सहसा घडत नाही.

नाक्यावर प्रत्येकी पन्नास रुपये प्रवासी कर भरला. व्हेनिसने एप्रिल 2024 मध्ये दिवसापुरत्या येणाऱ्यांवर, ठरावीक दिवशी पाच युरोंचं शुल्क लावलं तेव्हा जगभर केवढी चर्चा झाली! त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनाच्या काही रहिवाशांनी कॅफेबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. तिकडचे प्रश्न गर्दीचे आणि परवडेनाशा झालेल्या घरभाड्याचे. आपल्याकडेही ते येऊ घातलेत, काही ठिकाणी आलेच आहेत. पण माथेरानात पर्यटनाचा जो प्रश्न समोर उभा राहतो तो त्याहून जुना आणि उघडावाघडा आहे. तो नाक्यावरच रांगेत उभा होता. दोन मोठी चाकं, वर टप, पुढे दोन दांडे आणि दांड्यांच्या मध्ये एक माणूस.

आत्या पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. दोन्ही गुडघे कृत्रिम. लग्नानंतर ती इथे आली होती, त्याची आठवण तिने डोंबिवलीच्या घरात इतक्यांदा काढली की शेवटी मीच म्हटलं, चल. शटलच्या पुढच्या फेरीची तिकिटं संपली होती. ई-रिक्षाच्या रांगेत तीस-चाळीस माणसं होती आणि वेगवेगळ्या रंगांच्या छत्र्यांखाली शाळेची काही मुलं. मी म्हटलं, "थांबू या थोडं." आत्याने हातरिक्षांकडे पाहिलं.

"त्यात बसते मी."

"अगं आत्या, माणूस ओढणार तुला?"

"मग तुझ्या घरी येऊन बाई भांडी घासते ती कोण असते? मला चालवत नाही. त्याला पैसे हवेत. थंडीत इथे उभी राहून मी कोणाचं भलं करणार आहे?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. फलकावर लावलेला दर ठरला. एक जण दांड्यांमध्ये शिरला, दोघे मागून ढकलायला, आणि मी बाजूने चालत निघाले.

लाल मातीची वाट. दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, अंजनी. झाडी इतकी दाट की भर दुपारी उजेड गाळून येतो. पुढचे गृहस्थ पन्नाशीचे असावेत. मी त्यांना मामा म्हटलं. मधल्या एका उतारावर त्यांनी टाचा रोवल्या, अंग मागे टाकलं आणि मागच्या दोघांनी ढकलायचं सोडून रिक्षा मागे खेचून धरली. मला वाटलं होतं, चढ कठीण आणि उतार म्हणजे विश्रांती.

"उलटं आहे ताई," मामा म्हणाले. "चढाला दमलं तर थांबता येतं, चाकाला दगड लावता येतो. उताराला सगळं वजन अंगावर येतं. पाय सटकला की आधी मी खाली, माझ्यावर रिक्षा, रिक्षावर आजी."

"आणि पावसात?"

"पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ. धूळ वाईट. रात्री खोकला झोपू देत नाही."

माथेरानात अशा परवानाधारक हातरिक्षा 94 होत्या. ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढला आणि साहेब लोकांना उन्हाळ्यापासून पळायची एक जवळची जागा सापडली. त्यांच्यामागे पारशी, बोहरी, गुजराती धनिकांचे बंगले आले. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःच्या खिशातून सोळा लाख रुपये घालून दोन फुटी रुळांची छोटी गाडी बांधली, ती 1907 मध्ये सुरू झाली. पण गाडी स्टेशनपर्यंत. तिथून बंगल्यापर्यंत आणि बंगल्यापासून सूर्यास्त दिसतो त्या कड्यापर्यंत साहेबाला, मडमेला, शेठजींना न्यायला खांदे लागत. साहेब गेले, शेठजींच्या जागी आपण आलो. खांदे तेच राहिले.

मोटारींना बंदी हा माथेरानचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2003 मध्ये माथेरान आणि भोवतालचा सुमारे 215 चौरस किलोमीटर पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. हॉर्न नाही, धूर नाही, पार्किंगचं भांडण नाही. महाबळेश्वर-लोणावळ्याच्या वीकेंडला अडकलेल्या माणसाला इथली सकाळ म्हणजे औषध. पण वाहनबंदीने वाहतूक थांबत नाही. माणसं जातातच, बॅगा जातातच, भाजी, बिस्लेरी, सिमेंट, गॅसचे सिलेंडर सगळं वर जातंच. इंजिनाने जे ओढायचं ते कोणाच्या तरी अंगावर पडतं. झाडं वाचली, हवा वाचली, पर्यटकाचे कान निवले आणि या सगळ्याचा खर्च गावातल्या सगळ्यांत गरीब माणसाच्या छातीत जमा होत राहिला. पर्यावरणाचं रक्षण स्वस्तात होतं तेव्हा ते कोण भरतंय हे विचारायला हवं. आपण ते विचारत नाही, कारण आपण पाहुणे असतो आणि दोन दिवसांनी खाली उतरणार असतो.

हा प्रश्न विचारला तो रिक्षा ओढणाऱ्यांनीच. एका निवृत्त शिक्षकाने पुढाकार घेतला, संघटना उभी राहिली, हातरिक्षांच्या जागी ई-रिक्षा द्या अशी मागणी घेऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2022 मध्ये न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि त्या डिसेंबरात पहिल्या ई-रिक्षा या लाल वाटेवर धावल्या. पुढे वीस ई-रिक्षांपर्यंत गाडी आली आणि तिथे अडली. मग 6 ऑगस्ट 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, सहा महिन्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद करा, ई-रिक्षा राज्य सरकारने घ्याव्यात आणि खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात, पैसे नाहीत ही सबब सांगू नये. आम्ही गेलो ते त्या सहा महिन्यांतले सुरुवातीचे दिवस होते.

"निकाल चांगलाच लागला," मामा म्हणाले. घाम पुसायला ते एका वळणावर थांबले होते. "पण दिल्लीचा कागद हा डोंगर चढायला किती दिवस घेतो ते बघायचं. तो आमच्यासारखा पायी येतो."

मागे ढकलणाऱ्या दोघांपैकी तरुण होता तो हसला. त्याचं वेगळंच दुखणं होतं. परवाना एकाच्या नावावर, ढकलणारे आम्ही दोघे. ई-रिक्षा चालवायला माणूस एकच लागतो. आमचं काय? निकालपत्रात 'खरा रिक्षाचालक' असे शब्द आहेत आणि तो शोधून काढायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे सोपवलं आहे. चाकामागच्या हातांची नोंद कोणत्या रजिस्टरात सापडेल हे त्या पोराला कोणी सांगितलेलं नव्हतं.

वाटेत आम्हाला तीन बायका भेटल्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर आडव्या ठेवलेल्या चाकांच्या सुटकेसा. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ओढायच्या त्या बॅगा. इथल्या दगडधोंड्यांत त्यांची चाकं कुचकामी, म्हणून त्या माणसाच्या डोक्यावर. डोंगराच्या पायथ्याशी आणि अंगाखांद्यावर ठाकर, कातकरी, धनगरांच्या वाड्या आहेत. तिथल्या बायका पहाटे उठून पायवाटेने वर येतात, दिवसभर ओझी वाहतात आणि अंधार पडायच्या आत खाली उतरतात. त्यांच्यातली एक आत्याच्या रिक्षाशेजारून चालू लागली.

"मावशी, जड आहे का?" मी विचारलं. प्रश्न बावळटच होता.

"बॅग जड नाय. माणसं जड. दोन दिसांसाठी येतात न घर उचलून आणतात."

हातरिक्षाचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो, त्याने आपलं मन कालवतं. डोक्यावरची बॅग आपल्याला दिसत नाही. ती हमाली, म्हणजे नेहमीचं काम. न्यायालयाने मात्र तिकडे पाहिलं आहे. रिक्षाचालकांना देऊन उरतील त्या ई-रिक्षा आदिवासी स्त्रिया आणि इतर स्थानिकांना द्याव्यात, असं निकालात म्हटलं आहे. दाखला दिला आहे तो गुजरातमधल्या केवडियाचा, तिथे स्थानिक स्त्रिया ई-रिक्षा चालवतात. केवडियाचं विस्थापनाचं दुखणं वेगळं, पण ही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "देतील तवा शिकू. सायकल पन येत नाय अजून." आणि पुढे निघून गेल्या. त्यांना दुसरी खेप गाठायची होती.

बाजारपेठेत पोचलो. चिक्की, मध, चामड्याच्या चपला, काठ्या. आत्याला तिची जुनी दुकानं आठवत होती, पण पाट्या बदलल्या होत्या. तिने तिघा रिक्षावाल्यांना दरापेक्षा जास्त पैसे दिले आणि वर चहा पाजला. एका बाकावर बसून चौघांनी कपबशीतून चहा घेतला. मामांनी तिला मुलं किती, नातवंडं किती विचारलं. त्यांचा मुलगा कर्जतला कारखान्यात आहे, रिक्षाला त्याने हात लावू नये असं त्यांच्या बायकोचं म्हणणं आहे. मी बराच वेळ विचार करत होते की आत्याने केलं ते बरोबर की चूक. मी संकोचाने तिला रिक्षात बसू दिलं नसतं तर मामांची पाठ वाचली नसती, फक्त त्या दिवसाची कमाई बुडाली असती. शहरी माणसाचा संकोच हा स्वस्त नीतिधर्म आहे. आपल्या मनाला बरं वाटलं म्हणून त्यांच्या चुलीवर काही शिजत नाही. पण उलटा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे. "आपण बसलो नाही तर ते काय खातील?" या एका वाक्यावर ही रिक्षा इंग्रजांच्या काळापासून आजवर चालत आली. केदारनाथच्या वाटेवर पाठीला टोपली बांधून भाविकाला वाहणाऱ्या माणसाबद्दलही आपण हेच बोलतो. पोटाची सबब पुढे केली की कोणतीही प्रथा अमर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या हॉटेलच्या ओसरीत माकडांशी हुज्जत घालत बसली आणि मी एकटी वन ट्री हिलकडे निघाले. वाटेत एक घोडेवाला सोबतीला आला. गिऱ्हाईक नव्हतं, घोड्याला फिरवून आणत होता. माथेरानात चारशेहून जास्त घोडे आहेत आणि त्यांच्यावर जगणारी घरं. ई-रिक्षाला विरोध झाला तो मुख्यतः यांच्याकडून.

"सगळे आम्हाला खलनायक करतात," तो म्हणाला. "पण विचार करा मॅडम. आज म्हणतात बाजारापर्यंत ई-रिक्षा. उद्या म्हणतील पॉइंटपर्यंत. परवा टॅक्सी. मग घोडा कोण घेणार? आणि हे दगड बघितले? यावर घोडा घसरतो."

तो पेव्हर ब्लॉकबद्दल बोलत होता. माथेरानच्या भांडणाचं मूळ पाहायचं तर वर डोंगराकडे न बघता खाली पायाकडे बघायला हवं. इथली माती जांभ्याची, भुसभुशीत. घोड्यांच्या टापांनी ती उखडते, लिदीत मिसळते, उन्हाळ्यात धूळ होऊन उडते आणि पावसाच्या चार महिन्यांत वाहून दरीत जाते. कित्येक ठिकाणी रस्ता खाली गेला आहे आणि झाडांची मुळं उघडी पडून हवेत लोंबतात. म्हणून ब्लॉक बसवा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, आज ब्लॉक आले, उद्या डांबर येईल, पाणी मुरणार नाही, जंगलाचं शहर होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. न्यायालयाने मधली वाट काढली. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही. ही मधली वाट मला पटली. गाव जिथे राहतं आणि राबतं तिथे सोय, जंगल जिथे सुरू होतं तिथे माती.

घोड्याच्या बाबतीत माझं मत अजून डळमळीत आहे. माणूस न्यायालयात जाऊ शकतो, घोडा जाऊ शकत नाही. त्याच्या पाठीवर शंभर किलोचा गडी बसला की तो काही बोलत नाही. दोन-दोन सिलेंडर लादून चिखलातून जाणारे मालवाहू घोडे पाहिले की पर्यटकाच्या घोड्याचं दैव बरं वाटू लागतं. त्या माणसाला मी विचारलं, ई-रिक्षाने सिलेंडर नेले तर? तो थांबला. "ते न्यावेत," म्हणाला. "सिलेंडरला हौस नसते." मला हे उत्तर फार आवडलं. हौसेचा फेरफटका घोड्याकडे राहो, रोजचं ओझं यंत्राकडे जावो. भांडण मिटवायला बसलेल्यांनी या माणसाला बोलवायला हरकत नाही.

वन ट्री हिलच्या कड्यावर पोचले तेव्हा धुकं फाटलं होतं. खाली चौकचा परिसर, मोरबे धरणाचं पाणी आणि समोर नेढं असलेला इर्शाळगडाचा सुळका. याच इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. ठाकरांची वस्ती. ट्रेकला जाणाऱ्या पोरांना तिथे पाणी मिळायचं, पिठलं-भाकरी मिळायची, रात्री अंगणात पथारी टाकता यायची. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगराचा कडा वाडीवर आला. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत, चार दिवसांनी शोध थांबवला. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदतीला जाणारे लोकही पायवाटेनेच, चिखलातून चढले, यंत्रं वर नेता आली नाहीत.

कड्यावर माझ्या शेजारी एक जोडपं सेल्फी काढत होतं. मागे इर्शाळ सुरेख आला होता. त्यांचा काही दोष नाही, त्या ठिकाणी तसा फलक नाही, कोणी सांगणाराही नाही. पण मला तिथे एक गोष्ट स्वच्छ कळली. आपल्याला जो निसर्ग अस्पर्श वाटतो तो बहुतेक वेळा रस्ता न पोचलेली कोणाची तरी वाडी असते. 'तिथे अजून गाडी जात नाही' हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. बाळंतीण झोळीत घालून खाली आणणारा माणूस तेच वाक्य वेगळ्या आवाजात म्हणतो. माथेरानातही रुग्णवाहिकेला बंदीतून सूट आहे, पण शाळेत जाणारी मुलं, गुडघे गेलेली म्हातारी माणसं, दिवस भरलेल्या बायका यांच्यासाठी वर्षानुवर्षं रोजचं वाहन नव्हतं. ई-रिक्षा आली ती पर्यटकाच्या आधी त्यांची गरज होती. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती. सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त पाहुणे वर येत असतील, तर निर्णय कोणाच्या सोयीने व्हायचे?

परतीच्या वाटेवर भाई कोतवालांची आठवण येणं साहजिक होतं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल याच गावात, एका नाभिक कुटुंबात 1912 साली जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. वर थंड हवेत वकिली करून सुखाने जगता आलं असतं. ते खाली उतरले. सावकारीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, वाड्यावस्त्यांवर शाळा काढल्या. 1942 मध्ये आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात गोळ्या झेलल्या. माथेरानच्या पॉइंटांना आजही अलेक्झांडर, लुईझा, पॅनोरमा अशी नावं आहेत आणि घोडेवाले ती घडाघडा सांगतात. कोतवालांबद्दल पर्यटकाला आपणहून कोणी सांगत नाही, पर्यटकही विचारत नाही. वरचा डोंगर आणि खालच्या वाड्या हे एकच गाव आहे, असं समजून वागलेला इथला तो पहिला मोठा माणूस. आज चाललेला वाद त्याच धड्यावर येऊन अडलेला आहे.

निघताना आत्यासाठी ई-रिक्षा मिळाली. चालवणारा पूर्वी हातरिक्षा ओढायचा. अंगात स्वच्छ शर्ट, पायात बूट. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की काल मामा आणि आत्या यांच्यात जे अंतर होतं ते इथे नाही. तोही बसलेला, आम्हीही बसलेले, पाऊस आला तर तिघांच्या डोक्यावर एकच छप्पर.

"फरक काय पडला?" मी विचारलं.

"खोकला गेला," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आणि पोरगी शाळेत सांगते, बाबा ड्रायव्हर आहे."

पण गाड्या वीस आणि परवाने 94. नव्या गाड्या येतील तेव्हा त्या कोणाच्या नावावर येतात, यावर त्याचं बारीक लक्ष होतं. त्याची शंका अनाठायी नाही. बाहेरून पैसेवाला येणार, गाड्यांचा ताफा उतरवणार आणि कालचा रिक्षावाला त्याच्याकडे रोजंदारीवर चालक म्हणून लागणार, हे आपण गोव्याच्या किनाऱ्यावर, कोकणातल्या जमिनींत, लोणावळ्याच्या बंगल्यांत पाहिलेलं आहे. पर्यटन वाढतं, स्थानिक माणूस वॉचमन होतो. हा मुद्दा नवा नाही. सायकलरिक्षाच्या एका खटल्यात, आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब सरकार, 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं होतं. परवाना चालवणाऱ्यालाच द्यायचा हा कायदा चांगला, पण त्याच्याकडे रिक्षा घ्यायला पैसे कुठून येणार? म्हणून बँकेचं कर्ज मिळवून देऊन चालकालाच मालक करण्याची योजना त्यांनी निकालात घातली. माथेरानच्या निकालात न्यायालयाने त्या खटल्याची आठवण काढली आहे. पंचेचाळीस वर्षांनी तोच मुद्दा, त्याच न्यायालयात.

म्हणून माथेरानात बसावं की बसू नये हा खरा प्रश्न नाही. तो पर्यटकाच्या मनाच्या शांतीचा प्रश्न आहे. खरा प्रश्न मालकीचा आहे. हातरिक्षा जायलाच हवी, त्यात दुमत नको. पण तिच्या जागी येणाऱ्या गाडीचा मालक कालचा ओढणारा असेल, मागून ढकलणाऱ्या पोराची नोंद होईल, डोक्यावर बॅगा वाहणारी मावशी चालवायला शिकेल, तरच न्याय झाला म्हणायचं. नाहीतर आपण फक्त एक दृश्य पुसलं. पर्यटकाच्या डोळ्यांना खुपत होतं ते गेलं आणि माणूस खाली नेरळच्या नाक्यावर बिगारीला उभा राहिला.

आणि या सगळ्याचं बिल भरायचं तर ते आपण भरावं. प्रवासी कर वाढवून तो याच कामाला लावला तर मी आनंदाने देईन. दोन दिवसांच्या सहलीत एका जेवणाला जेवढे जातात त्याहून तो कमीच असेल. तुम्ही माथेरानला जाणार असाल तर एवढं करा. पाठीवर मावेल तेवढंच सामान न्या. चालता येत असेल तर चाला, चालण्यासाठीच ते गाव आहे. चालता येत नसेल तर फलकावरचा दर पाहा, तो पूर्ण द्या, घासाघीस करू नका. घोडा दमलेला दिसला, पाठीवर जखम दिसली तर बसू नका आणि का बसत नाही ते घोडेवाल्याला सांगा. माकडांना खाऊ घालू नका. रिकामी बाटली स्वतःच्या पिशवीतून खाली आणा, कारण तुम्ही आणली नाहीत तर ती कोणाच्या तरी डोक्यावरून उतरणार आहे.